नळ बंद असतो तेव्हा

आमच्या फिल्टर हाऊसमधून बाहेर पडणारं पाणी चांगलं होतं. हे मी आजही कुणासमोरही ठामपणे सांगेन, कारण त्याचा गढूळपणा, पीएच आणि क्लोरीन रोज मोजलं जायचं आणि नोंदवहीत सही माझी असायची. तेच पाणी गावाच्या दक्षिण टोकाला, बाजारतळापलीकडच्या गल्ल्यांत नळाला यायचं तेव्हा पुष्कळदा पिण्याजोगं नसायचं, हेही तितकंच खरं. मधल्या तीन-साडेतीन किलोमीटरांत त्याचं काय होतं हे समजून घेण्यात माझ्या नोकरीची कितीतरी वर्षं गेली, आणि निवृत्त झाल्यावरही तो विषय मला सोडत नाही.

गाव सोलापूर जिल्ह्यातलं, भीमेकाठचं, तालुक्याचं. नगरपरिषद, एक जुनं जलशुद्धीकरण केंद्र, दोन उंच टाक्या आणि चार दिवसांआड पाणी. केमिस्टची जागा एकच. प्रयोगशाळा म्हणजे गाळ बसवणाऱ्या क्लॅरिफ्लॉक्युलेटरच्या शेजारची खोली: एक ओटा, गढूळपणा मोजायचं यंत्र, जार टेस्टची सहा काचपात्रं आणि खिडकीतून सतत येणारा ब्लीचिंगचा वास. पावसाळ्याच्या पहिल्या लोंढ्यात नदीचं पाणी चहासारखं व्हायचं, तेव्हा त्या सहा पात्रांत तुरटीचे वेगवेगळे डोस टाकून कुठला गाळ आधी बसतो ते पाहायचं आणि ऑपरेटरला सांगायचं. पावसाळा त्यातल्या त्यात सोपा असायचा. गाळ दिसतो, म्हणून सगळेच त्याच्याकडे लक्ष देतात. कसोटी उन्हाळ्यात लागायची.

भीमेचं पाणी म्हणजे उजनीतून सोडलेलं पाणी. १९८० साली पूर्ण झालेल्या या धरणानं आमच्या जिल्ह्यात ऊस आणला, कारखाने आणले, पैसा आणला. त्याच धरणाच्या वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड आहेत. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी जे काही पोटात घेऊन येतात, ते सगळं भीमेतून उजनीत उतरतं. धरणाची एकूण क्षमता ११७ टीएमसी, पण त्यातला ६३ टीएमसीहून अधिक मृतसाठा. त्यामुळे उन्हाळ्यात साठा मृत पातळीखाली उतरला की पेपरात ‘उजनी वजा वीस टक्के’, ‘वजा चाळीस’ असे आकडे येतात आणि एसटी स्टँडवरच्या टपरीत चहा पिणाऱ्यालाही त्यांचा अर्थ बरोबर कळतो. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण वजा पन्नासच्याही खाली गेलं होतं. वजा जितकं खोल, तितकं पाणी हिरवं.

हिरवं म्हणजे शेवाळं. ते फिल्टर बेडच्या वाळूवर साय धरावी तसं बसायचं. एरवी दिवसातून एकदा उलट धुवायचा बेड काही तासांत तुंबायचा. पाण्याला ओल्या मातीचा वास यायचा आणि कार्यालयात तक्रारींची रांग लागायची. तो वास शेवाळातल्या जिओस्मिन नावाच्या पदार्थाचा, आणि त्यानं कुणाला काही होत नाही. मी लोकांना हे समजावून सांगायची, पण वास येणारं पाणी वाईट आणि न येणारं चांगलं ही समजूत इतकी खोलवर रुजलेली आहे की माझं बोलणं कुणाच्या गळी उतरायचं नाही. आणि ज्याला वास नसतो, रंग नसतो, त्याबद्दल तक्रार करायला कुणी येत नसे.

उन्हाळ्यातलं दुसरं दुखणं अमोनियाचं. सांडपाण्यातून आलेला अमोनिया पाण्यात असला की आपण सोडलेलं क्लोरीन आधी त्याच्याशी जोडलं जातं आणि क्लोरामाइन तयार होतात. तेही जंतू मारतात, पण फार सावकाश. अमोनियातला एक मिलिग्रॅम नायट्रोजन निकाली काढायला प्रत्यक्षात आठ ते दहा मिलिग्रॅम क्लोरीन लागतं, आणि त्यानंतर जे शिल्लक उरतं ते खरं पहाऱ्याचं क्लोरीन. म्हणजे मार्चमध्ये पुरणारा क्लोरीनचा मोठा सिलिंडर, टोनर, मे महिन्यात पुरत नाही. हा खर्च कार्यालयाला पटवणं हा माझ्या दर उन्हाळ्याचा उद्योग होता.

शिल्लक क्लोरीन पाहायची आपल्याकडची रूढ पद्धत म्हणजे ओटी चाचणी. ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक, आरोग्यसेवक, आमचे पाणी सोडणारे, सगळे तीच करतात. या चाचणीतली एक गोष्ट मात्र फारशी शिकवली जात नाही. मोकळं, म्हणजे अमोनियाशी न जोडलेलं, क्लोरीन काही सेकंदांतच पिवळा रंग दाखवतं; क्लोरामाइनचा पिवळा मागाहून, मिनिटा-मिनिटानं चढत जातो. नळी हातात धरून दोन गोष्टी बोलल्या आणि मग रंग पाहिला, तर भीमेच्या उन्हाळी पाण्यात ती बहुतेक वेळा पिवळी दिसणारच. रजिस्टरला ‘ओटी पॉझिटिव्ह’ लिहिलं जातं, आणि खरं मोकळं क्लोरीन शून्याच्या जवळ असतं. ऑर्थोटोलिडीन हे रसायन हाताळणाऱ्याच्या तब्येतीलाही बरं नाही. कर्करोगाच्या शंकेमुळे जगातल्या प्रमाण पद्धतींतून ते केव्हाच बाद झालं. त्याच्या जागी डीपीडी आली, जिच्यात पाणी गुलाबी होतं. त्या गोळ्या मी मागून मागून मिळवल्या आणि शेवटच्या नळावरचं मोजमाप त्यांनीच करायचं असा आग्रह धरला.

इथं एक बाजूची गोष्ट सांगते, कारण सुशिक्षित माणसं मला ती हमखास विचारतात. क्लोरीन आणि पाण्यातला सेंद्रिय कचरा यांच्यापासून ट्रायहॅलोमीथेन तयार होतात, हे रॉटरडॅमच्या योहानेस रूक यांनी १९७४ साली दाखवून दिलं. त्यातलं क्लोरोफॉर्म आपल्या आयएस १०५०० या मानकात लिटरला ०.२ मिलिग्रॅमपर्यंतच चालतं. हिरव्या पाण्यात आधीच भरपूर क्लोरीन ओतलं तर हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर क्लोरीनच्या आधी गाळ आणि शेवाळ काढण्यात आहे. क्लोरीन कमी करण्यात नाही. वीस-तीस वर्षांनी येऊ शकणाऱ्या धोक्याला भिऊन या आठवड्यातली कावीळ घरात घ्यायची, हा सौदा मला कधीच मान्य झाला नाही.

एवढं सगळं करून पाणी टाकीत चढवलं की माझं काम संपतं, असं मला सुरुवातीला सांगण्यात आलं होतं. मानक सांगतं, नळाशी किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन हवं. विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तर ०.५. टाकीतून निघताना आमच्याकडे एकच्या आसपास असायचं. पुढे पाइप, पाइपला जोडलेली घरं, नळ. हिशेबानं शेवटच्या घरी ०.३ तरी उरायला हवं होतं. दक्षिणेच्या गल्ल्यांत काहीच उरत नव्हतं. नुसता वेळ गेला म्हणून क्लोरीन इतकं संपत नाही. वाटेत त्याला खाणारं काहीतरी भेटत होतं.

ते काय हे मला आमच्या चावीवाल्यानं दाखवलं. व्हॉल्व्ह फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडणाऱ्याला आमच्याकडे चावीवाला म्हणतात. खांद्यावर लोखंडी चावी, पायात स्लीपर, आणि जमिनीखाली कुठली लाइन कुठं वळते याचा नकाशा डोक्यात. कार्यालयातल्या नकाशापेक्षा तो जास्त खरा होता. एके दिवशी तो म्हणाला, “मॅडम, तुमी पानी सुटल्यावर येताय आन् जाताय. एकदा बंद करताना थांबा की.” मी थांबले. त्यानं चावी फिरवली, नळांची धार बारीक झाली, तुटली, आणि मग रांगेतल्या नळांतून सूं असा आवाज यायला लागला. “हात लावा,” तो म्हणाला. मी तळवा नळाच्या तोंडाला लावला. नळ ओढत होता. पिचकारीचा दांडा मागे घेतल्यावर ती पाणी ओढून घेते, अगदी तसा तो तळव्याची कातडी आत खेचत होता.

उताराची जमीन, वरचा व्हॉल्व्ह बंद, पाइपातलं पाणी खालच्या बाजूला वाहून चाललेलं. मागे पोकळी होणार आणि ती भरायला जिथून जे मिळेल ते आत येणार, हे पुस्तकातलं विज्ञान मला पाठ होतं. पण ‘जिथून जे मिळेल ते’ म्हणजे काय, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा खाली वाकून पाहिलं.

त्या गल्ल्यांत नळ जमिनीच्या वर नव्हतेच. दाब कमी, म्हणून पाणी वर चढत नाही. म्हणून लोकांनी दारासमोर खड्डा खणून, पाइप खाली कापून, खड्ड्यातच नळ घेतलेला. कुणाचा गुडघाभर खोल, कुणाचा कमरेइतका. खड्ड्यात उतरून घागर भरायची. नळाला तोटी नाही, कारण पाणी कधी येईल ते माहीत नाही. उघड्या नळाखाली पत्र्याचा डबा ठेवायचा, तो वाजला की पाणी आलं. भरून झालं की सांडलेलं, धुतलेलं, गल्लीतून वाहत आलेलं सगळं पाणी त्याच खड्ड्यात साचायचं आणि नळाचं उघडं तोंड त्या साचलेल्या पाण्यात बुडायचं. वर व्हॉल्व्ह बंद झाला की नळ ते खड्ड्यातलं पाणी पिऊन घ्यायचा. चार दिवसांनी पाणी सुटलं की तेच पाणी पुढच्या घराच्या घागरीत.

घरांना जाणारे जोड तर गटारातून गेलेले. मोठी लाइन रस्त्याच्या एका कडेला, घरं दोन्ही कडांना, मध्ये उघडी गटार. अर्ध्या इंचाचा जीआय पाइप गटार ओलांडताना तिच्या तळाशीच टेकलेला. गटारात जीआय पाइप गंजायला फार वर्षं लागत नाहीत. जलवाहिनी आणि सांडपाण्याची वाहिनी यांच्यात आडवं तीन मीटर अंतर असावं असं केंद्र सरकारची नियमपुस्तिका सांगते. आमच्या कित्येक गल्ल्यांची रुंदीच तीन मीटर नाही. ज्यांच्याकडे थोडा पैसा होता त्यांनी नळाला थेट मोटार जोडलेली. मोटार चालू झाली की तिच्यापुरती लाइन रिकामी होते आणि शेजारच्याच्या गंजलेल्या जोडातून गटारीचं पाणी आत येतं. पाणी चालू असतानाही.

नळ वाहतो तेव्हा पाइपात दाब असतो, आणि दाब असेपर्यंत भोकातून पाणी बाहेर जातं, आत काही येत नाही. आपण गळती म्हणून जिच्या नावानं ओरडतो, ती खरं तर त्या वेळी पाण्याचं रक्षण करत असते. घात होतो तो पाणी बंद असतानाच्या तासांत. चार दिवसांआड दीड तास पाणी म्हणजे उरलेला सगळा वेळ गावाच्या पायाखाली मैलोन् मैल रिकामी नळी, आणि तिच्याभोवती ओल. त्या नळीला आम्ही पाणीपुरवठा योजना म्हणतो.

आणि तपासणीची आमची सगळी शिस्त नेमकी या पाण्याला वगळणारी. नमुना घ्यायचा नियम असा, की नळाचं तोंड ज्वाळेनं शेकायचं, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्यायचं, मग निर्जंतुक बाटलीत भरायचं. मुख्य लाइनमधलं पाणी कसं आहे हे पाहायला ही पद्धत योग्यच आहे. पण गल्लीतली बाई नळ शेकत नाही आणि पहिली दोन मिनिटं पाणी वाहू देत नाही. चार दिवसांनी आलेल्या पाण्याची पहिली घागर तिला सोन्यासारखी असते. म्हणून मी नियमाच्या नमुन्याबरोबर पहिल्या धारेचा वेगळा नमुना घ्यायला लागले. दोन्हींचे निकाल शेजारी शेजारी ठेवले की वाद घालायची गरज उरत नसे. शंभर मिलिलिटरमध्ये ई-कोलाय अजिबात नको, असं मानक. नियमाचा नमुना योग्य, पहिल्या धारेचा अयोग्य, असं वारंवार.

मग कावीळ आली.

एकाच घरात दोघं, पलीकडच्या गल्लीत एक, असं सुरू झालं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंचा फोन आला आणि त्यांनी पत्ते वाचून दाखवले. मी चावीवाल्याला बोलावलं. पत्ते ऐकता ऐकता तो म्हणाला, “ही सगळी एकाच चावीवरची हायत.” या काविळीचा विषाणू, हिपॅटायटिस ई, अंगात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते दहा आठवडे जातात, बहुधा पाच-सहा. म्हणजे आज पेशंट दिसतोय तो दीड महिन्यापूर्वीच्या घागरीचा. आज जाऊन नमुना घेतला तर तो चांगलाही येईल, आणि ‘पाणी योग्य आहे’ असा कागद हाती पडेल. असे कागद साथीच्या वेळी फार नुकसान करतात. आम्ही कागदाची वाट पाहिली नाही. टाकीवरचा क्लोरीनचा डोस वाढवला, घरोघर पाणी उकळायला सांगितलं, आणि त्या चावीवरचा एकेक जोड उकरायला सुरुवात केली.

त्या गल्लीत सातव्या महिन्यातली एक मुलगी होती. पहिलटकरीण, माहेरी आलेली. तिच्या आईला मी म्हटलं, “काकू, हिला नळाचं पाणी उकळल्याशिवाय एक घोटही देऊ नका.” शेवटच्या तिमाहीत ही कावीळ झाली तर दर चार-पाच जणींमागे एक दगावू शकते. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना हे माहीत होतं, मला माहीत होतं, आणि त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. त्या मुलीला काही झालं नाही. त्या दिवसांत मी रात्री झोपेतून उठून बसायची, एवढंच लिहिते.

उकरताना जे सापडलं ते सापडणारच होतं: गटारीच्या तळाशी चाळण झालेले जोड. एकावर सायकलची ट्यूब गुंडाळून वर दोरी बांधलेली. कुणीतरी घरच्या घरी केलेली दुरुस्ती. त्या माणसाला दोष द्यावासा वाटला नाही. त्यानं अर्ज केला असता तर त्या अर्जाचं काय झालं असतं, हे मी जाणून होते.

या रोगाचा इतिहास आपल्याच देशातला आहे. १९५५ च्या अखेरीस दिल्लीत यमुनेच्या पुरानंतर नाल्याचं पाणी वझिराबादच्या पाणी उपसा केंद्राशी पोहोचलं आणि सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. त्या वेळी तिथल्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं होतं आणि विषमज्वर, हगवण यांची साथ आली नाही. जिवाणू मेले, विषाणू वाचला. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीतून तो हिपॅटायटिस ई असल्याचं स्पष्ट झालं. २०१२ साली आपल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. गटार एकदा आत शिरली की टाकीवरचं क्लोरीन कितीही वाढवलं तरी ते उशिरा पोहोचलेलं असतं, हे दिल्लीनं इतक्या वर्षांपूर्वी शिकवलेलं आहे.

साथ ओसरल्यावर मी गल्लीतल्या बायकांना एच-टू-एसच्या बाटल्या वाटल्या. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ही चाचणी तयार केली. छोटी बाटली, आत औषधाची पट्टी. पाणी खुणेपर्यंत भरायचं आणि उबेला ठेवायचं. पाण्यात विष्ठेतले जंतू असतील तर दोन दिवसांच्या आत बाटली काळी पडते. आमच्याकडचा उन्हाळा म्हणजे फळीवर ठेवली तरी पुरेशी ऊब. माझ्या अहवालांवर नजर न टाकणारी माणसं ती काळी बाटली पाहून हादरली. एक आजी म्हणाल्या, “असलं आमी पितोय व्हय गं बाई?” त्यांनी ती बाटली पदराखाली घेऊन नगरसेवकाच्या घरी नेली आणि त्याच्या चहाच्या टेबलावर ठेवली. त्या आठवड्यात जोड बदलायच्या कामाला मंजुरी मिळाली.

आमच्याकडच्या बायका नळाला फडकं बांधतात, पाणी चारपदरी कापडातून गाळतात. शहरातली माणसं त्याला अडाणीपणा समजतात. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशात मतलबच्या खेड्यांत जुन्या साडीची घडी करून पाणी गाळायला लावलं, तेव्हा पटकीचं प्रमाण ४८ टक्क्यांनी घटलं. २००३ साली तो अभ्यास छापून आला. पटकीचा जंतू पाण्यातल्या बारीक किड्यांना चिकटलेला असतो, तो कापडात अडकतो. विषाणू अडकत नाही. म्हणून मी सांगायची, फडकं सोडू नका, आणि त्यापुढे उकळा. खळाखळा उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे.

जी गोष्ट मला खरोखर संताप आणते ती दारोदार फिरणाऱ्या फिल्टरविक्याची. तो दोन ग्लास मांडतो, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत लोखंडी कांड्यांचं एक यंत्र बुडवतो आणि वीज सोडतो. नळाच्या ग्लासात तपकिरी गाळ उसळतो, आरओचा ग्लास स्वच्छ राहतो. “बघा काकी, काय पिताय तुम्ही!” तो गाळ त्याच्याच कांड्यांच्या लोखंडाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून वीज वाहते आणि लोखंड झिजतं. आरओच्या पाण्यात क्षार अगदी थोडे, म्हणून वीज फारशी वाहत नाही. चांगल्यात चांगलं विहिरीचं पाणीही या यंत्रात तपकिरी होईल. मग तो टीडीएसचा पेन काढतो. आमच्या नळाला उन्हाळ्यात चारशे-पाचशे दाखवतो आणि घरच्यांचे चेहरे उतरतात. मानकाप्रमाणे पाचशेपर्यंत उत्तम, आणि दुसरी सोय नसेल तर दोन हजारांपर्यंतही चालतं. तो पेन पाण्यातून वीज किती वाहते एवढंच सांगतो. त्याला जंतू दिसत नाहीत, विषाणू दिसत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोमचे) रुग्ण वाढले आणि पाण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा नात्यातल्या कितीतरी जणांनी मला फोन केले. प्रश्न एकच: “आमच्याकडे आरओ आहे, चालेल ना?” चांगला राखलेला आरओ जंतू अडवतो, हे खरं. पण तो क्लोरीनही काढून टाकतो, आणि पुढे त्याच्या टाकीत, जारमध्ये, माठात ते पाणी कुठल्याही पहाऱ्याविना राहतं. गावात लग्नाकार्यात, दुकानांत जे थंड पाण्याचे जार फिरतात, त्यांतल्या एकाही जारात मला शिल्लक क्लोरीन सापडलं नाही. आणि ज्या घरात आरओ आला, त्या घरानं नळाबद्दल बोलणं सोडलं. हे मला सगळ्यांत महागात पडलेलं वाटतं. सभेत पाण्यासाठी भांडू शकणारी शिकलेली, मानाची कुटुंबं एकेक करून त्या प्रश्नातून बाहेर पडली आणि खड्ड्यातले नळ ज्यांचे होते ते एकटे उरले.

पाणी चोवीस तास देणं हे मोठ्या शहरांचं चोचलं आहे, असं मला वरिष्ठांनी अनेकदा ऐकवलं. म्हणून मी मलकापूरला गेले. कराडला लागून असलेलं छोटं गाव, कोयनेचं पाणी. पंधराहून अधिक वर्षांपूर्वी त्या नगरपंचायतीनं जुन्या लाइन काढून नव्या टाकल्या, प्रत्येक घराला मीटर लावला, जास्त वापराला चढता दर ठेवला आणि पाणी चोवीस तास सुरू केलं. मी तिथं घरांत शिरून बघितलं. नळ कमरेच्या उंचीवर, तोटीसकट. दाराशी बॅरल नाही, हौद नाही. आमच्याकडे पाणी आलं की बाया आधीचं ‘शिळं’ पाणी ओतून देतात आणि ताजं भरतात. चार दिवसांची साठवण दर चार दिवसांनी गटारीत. जिथं नळ केव्हाही उघडता येतो तिथं शिळं असं काही नसतंच. मी एका घरच्या नळावर डीपीडीची गोळी टाकली. पाणी लगेच गुलाबी झालं. मला भरून आलं, आणि त्या घरच्या वहिनींना काय झालं ते कळेना.

परत आल्यावर आम्ही त्याच दक्षिणेच्या चावीवर एक प्रयोग केला. तोवर गटारीतले जोड काढून निळे एमडीपीई पाइप गटारीच्या वरून नेलेले होते. खड्डे बुजवायला लोक तयार नव्हते, आणि त्यांचं बरोबर होतं: दाब मिळाल्याशिवाय नळ वर घेतला तर पाणीच येणार नाही. दाब द्यायचा तर आधी तोट्या हव्यात, नाहीतर सगळं पाणी उताराला वाहून जाणार. आधी कोण, यावर कितीतरी संध्याकाळी गेल्या. शेवटी चावीवाला म्हणाला, “मी चावी पूर्ण बंदच करत न्हाई. चार आटे उघडी ठेवतो. तुमी तोट्या बसवा, मग सांगा.” तोट्या बसल्या. लाइन दिवसरात्र भरलेली राहायला लागली. धार बारीक, पण नळ ओढायचा थांबला. पहिल्या धारेच्या नमुन्यांत क्लोरीन दिसायला लागलं, शेवटच्या घरी ०.२ च्या वर. हळूहळू नळ खड्ड्यातून वर आले. एकानं आधी घेतला, त्याला पाणी मिळालं, मग शेजाऱ्यानं. मोटारी लोकांनी स्वतःच काढल्या, कारण त्यांची गरज उरली नव्हती. टाकीतून त्या भागाला जाणारं एकूण पाणी आम्हाला वाटलं होतं तितकं वाढलं नाही.

आषाढीच्या दिवसांत आमच्या भागातून पालख्या जातात. तेव्हा वाटेवरची प्रत्येक विहीर, प्रत्येक टँकर तपासला जातो, आरोग्य खात्याची माणसं पहाटे चारला ओटीचा डबा घेऊन रस्त्यावर असतात. ते काम मी केलेलं आहे आणि त्यातली निष्ठा मी जवळून पाहिलेली आहे. माणसं तीच, साहित्य तेच. वारकऱ्याच्या तांब्यासाठी जे आपण करतो ते दक्षिणेच्या गल्लीतल्या घागरीसाठी वर्षभर का होऊ नये, हा प्रश्न मी प्रत्येक बैठकीत विचारला आहे.

आता केंद्राच्या अमृत २.० खाली गावाची नवी पाणीयोजना तयार होते आहे. आराखडा मी पाहिला. नवं मोठं फिल्टर हाऊस आहे, तिसरी टाकी आहे, नदीवरचं जॅकवेल आहे. गल्लीतल्या लाइनसाठी थोडी तरतूद आहे, आणि घराच्या जोडाचा खर्च घरमालकावर टाकलेला आहे. म्हणजे बाकीच्या भागांतले खड्डे, गटारीतले जीआय पाइप आणि चार दिवसांआडचं पाणी आहे तसंच राहणार, फक्त वरची टाकी मोठी होणार. मी लेखी हरकत दिली आहे. तीन मागण्या त्यात आहेत: नव्या टाकीच्या आधी गल्लीतल्या लाइन आणि जोड, तेही नगरपरिषदेच्या खर्चानं, एकेक चावीचा भाग घेऊन तो कायम भरलेला ठेवणं, आणि क्लोरीनचं मोजमाप टाकीखाली न करता प्रत्येक भागाच्या शेवटच्या नळावर, पहिल्या पाच मिनिटांत. सोबत दक्षिणेच्या चावीवरच्या प्रयोगाआधीच्या आणि नंतरच्या नोंदी जोडल्या आहेत. पुढच्या महिन्यात सुनावणी आहे. गल्लीतल्या बायका येणार आहेत, त्या आजीही येणार आहेत. नोंदवही यंदा त्याच वाचून दाखवणार आहेत, कारण गेल्या वर्षभरातली मोजमापं त्यांनीच घेतलेली आहेत.